पंचनाम्यात नाव नाही आणि ग्रामसभेत नुसता गोंधळ: आता दाद कशी मागायची?

वारणाकाठच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय: पुराचं पाणी तीन दिवस घरात होतं. पंचनाम्याला माणसं आली, गल्लीत फिरली, फोटो काढून गेली. यादी लागली तर तिच्यात आमचं नाव नाही. ग्रामसभेत विचारायला गेलो तर आरडाओरडा झाला. सरपंच म्हणाले हे माझ्या हातात नाही, तलाठी आलेच नव्हते, आणि सभा उठली. गटारं, पाण्याची टाकी, पडलेले खांब यांचं तर कुणी नावही काढलं नाही. अशा सभेला जाऊन उपयोग काय, आणि आता आम्ही जायचं कुठे?

ताई, मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. 2005, 2019 आणि 2021 हे कृष्णा-वारणा-पंचगंगेचे तिन्ही मोठे पूर मी नोकरीत असताना पाहिले. गुडघाभर चिखलातून पंचनामे केले, रात्री जागून याद्या केल्या, आणि त्या याद्यांत चुका राहिलेल्याही पाहिल्या. त्यामुळे तुमचा राग मला कळतो.

सभेचा उपयोग आहे. पण सभेत बोललेलं इतिवृत्तात आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला काही अर्थ उरत नाही. तहसील कचेरीत रोज शेकडो कागद येतात आणि अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. तुम्ही सभेत किती पोटतिडकीने बोललात ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो आवक क्रमांक, म्हणजे कचेरीत आल्याची नोंद, पडलेला कागद. त्यावर कुणाचं काय राहिलं, कोणी काय करायचं आणि किती दिवसांत करायचं हे लिहिलेलं असेल, तर त्याचं उत्तर द्यावं लागतं. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या गावांची कामं झाली ती याच वाटेने झाली.

आता मुळात कोण काय करतो ते बघा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. पंचनामा आणि मदत हे महसूल खात्याचं काम. गावात तलाठी, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकारी, त्यांच्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. पिण्याचं पाणी, गटारं, दिवाबत्ती, गावातली साफसफाई हे ग्रामपंचायतीचं. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावाला जोडणारे बरेचसे रस्ते जिल्हा परिषदेचे. वीज महावितरणची. सरपंच म्हणाले की पंचनामा माझ्या हातात नाही, तर ते खोटं बोलले नाहीत. मात्र तेवढं बोलून त्यांची सुटका होत नाही. पंचनाम्यावर ग्रामसेवकाची, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, सही असते, घरांची नोंदवही ग्रामपंचायतीत असते, आणि ठराव करून तो तहसीलदारांना पाठवणं तर पूर्णपणे त्यांच्याच हातात आहे.

यादीतून नाव का गळतं, हे आधी शोधा. कारण कळल्याशिवाय अर्ज केला तर तो "नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे" असं ठरावीक उत्तर घेऊन परत येतो.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे एक घर आणि तीन चुली. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घर अजून सासऱ्यांच्या नावावर. तीन भाऊ वेगळे राहतात, शिधापत्रिका तीन, भांडीकुंडी तीन संसारांची बुडाली, पण पंचनाम्यात नोंद एकच. दुसरं कारण बंद घर. पाणी ओसरून पंचनाम्याचं पथक आलं तेव्हा कुटुंब अजून छावणीत किंवा पाहुण्यांकडे होतं. पथकाने दाराला कुलूप पाहिलं, "घर बंद" असा शेरा मारला आणि पुढे गेलं. त्यांना दिवसाला गल्ल्याच्या गल्ल्या उरकायच्या असतात. परत येऊ म्हणतात आणि परत येणं होत नाही.

तिसरं कारण मला अजूनही बोचतं. आपल्या बायकांना घरात चिखल बघवत नाही. पाणी ओसरलं की पहाटेपासून घर धुवायला घेतात, भिंती घासतात, सडा घालतात. दोन दिवसांनी पथक येतं तेव्हा घर स्वच्छ. पथकातल्या नव्या पोराला, ज्याने पूर पाहिलेला नाही, वाटतं की इथे फारसं काही झालेलं नाही. जिने सर्वांत जास्त राबून घर उभं केलं तिचंच नुकसान कागदावर सर्वांत कमी दिसतं.

चौथं कारण नियमातलं. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष ठरवले, त्यात कपड्यांसाठी कुटुंबामागे 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये आहेत. पण घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात बुडालेलं असावं लागतं. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, पक्क्या घराची निदान 15 टक्के पडझड झाली तर 6,500, कच्च्या घराची झाली तर 4,000, गोठ्याला 3,000. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500, आणि मर्यादा दोन हेक्टरची. हे झाले केंद्राचे आकडे. राज्य सरकार मोठ्या आपत्तीत स्वतंत्र शासन निर्णय काढून त्यात वाढ करतं, अटी सैल करतं. 2019 ला ग्रामीण भागात कुटुंबामागे 10 हजार आणि शहरी भागात 15 हजार सानुग्रह दिले होते. तेव्हा ज्या पुराची मदत मागताय त्याचाच शासन निर्णय तहसील कार्यालयातून मागून घ्या आणि त्यातली अट शब्दशः वाचा. तुमच्या घरात तीन दिवस पाणी होतं म्हणता. पंचनाम्यात "एक दिवस" असं पडलं असेल तर सगळं तिथेच अडलेलं असणार.

पाचवं कारण अगदी अलीकडचं, आणि यात लोक उगाच तलाठी-ग्रामसेवकांवर चिडतात. नाव यादीत असतं, रक्कमही मंजूर असते, पण पैसे जमा होत नाहीत. आता मदत थेट बँकेत येते. त्यासाठी प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करावी लागते. खातं आधारला जोडलेलं नसलं, बंद पडलेलं असलं, किंवा आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असलं, की अडकलं. म्हणून आधी तलाठ्यांकडे एकच गोष्ट विचारा: माझं नाव पंचनाम्यातच नाही, की पंचनाम्यात आहे पण मंजूर यादीत नाही, की मंजूर आहे पण पैसे अडलेत? या तिन्हींना औषध वेगळं आहे.

आता सभेकडे येतो. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले. तिथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. यावरून पाणी कुठवर चढलं असेल त्याचा अंदाज येईल. त्या पुरानंतर माझ्याकडच्या एका गावात पहिली सभा तुमच्यासारखीच झाली. तासभर नुसता कालवा. कुणी माईक ओढला, कुणी टेबल आपटलं. इतिवृत्तात त्या तासाची एक ओळ आली: "पूरग्रस्तांच्या मदतीबाबत चर्चा झाली."

त्या गावचे एक निवृत्त गुरुजी मला दुसऱ्या दिवशी येऊन भेटले. म्हणाले, भाऊसाहेब, तुमची यादी अजून कच्ची आहे ना, मग ती आमच्यासमोर वाचा. चावडी वाचन, म्हणजे गावासमोर नोंदी वाचून दाखवणं, आपल्या महसुलात नवं नाही, पण पुराच्या गडबडीत ते कुणी करत नाही. आम्ही केलं. मराठी शाळेच्या पडवीत, संध्याकाळी पाच वाजता. खोल्यांमधून अजून कुबट वास येत होता आणि भिंतीवर खिडकीच्या वर पाण्याची तपकिरी रेघ होती. गुरुजींनी आधीच सांगून टाकलं की पैशांबद्दल आज कुणी बोलायचं नाही, फक्त यादी बरोबर आहे का तेवढं बघायचं. मी गल्लीनुसार वाचत गेलो. घर क्रमांक, नाव, काय नुकसान, पाणी किती दिवस. प्रत्येक नावानंतर थांबायचो.

पहिल्या वीस नावांतच दोन माणसं मयत निघाली. एक नाव दोनदा होतं, एकदा आडनावासकट आणि एकदा टोपणनावाने. मग मागे बसलेली एक म्हातारी उठली. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली शिधापत्रिका. ती भिजून फुगलेली होती, पानं एकमेकांना चिकटलेली. ती म्हणाली, "बाळा, माझं घर वाचलंच नाहीस." मी पुतण्याचं नाव दाखवलं, कारण कागदोपत्री घर त्याचं होतं. तिने शांतपणे सांगितलं की पुतण्या पुण्याला असतो, घरात मी एकटी राहते आणि बुडालेली भांडी माझी. शेजारच्या चार बायका एका सुरात हो म्हणाल्या. हे मला कुठल्याही दप्तरात सापडलं नसतं. दोन तासांत 30 हून जास्त दुरुस्त्या निघाल्या. नवं नाव घालण्याइतकंच महत्त्वाचं दुसरंही घडलं: ज्यांच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं अशी चार नावं लोकांसमोर वाचली गेल्यावर त्यांच्याच घरच्यांनी पुढे येऊन काढायला सांगितली.

तेव्हा तुमच्या गावात पहिली मागणी ही करा: यादी गल्लीनुसार, जाहीरपणे वाचा, आणि तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वाचनाला तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीचं असेल तर कृषी सहायक तिघेही हजर हवेत. सोबत शंभर पानी वही ठेवा, तिला हरकत वही म्हणा. रकाने आखून घ्या: घर क्रमांक, नाव, शिधापत्रिका क्रमांक, यादीत काय आहे, खरं काय आहे, कोणाला माहीत आहे, सही किंवा अंगठा. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तलाठ्यांची सही आणि तारीख घ्या. वहीच्या पानांचे फोटो त्याच रात्री दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आता ग्रामसभेचे नियम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा आहे. त्यानुसार वर्षाला निदान चार सभा घ्याव्या लागतात, आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे त्यांचे ठरलेले दिवस सगळ्यांना पाठ आहेत. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि तिच्यात विषय छापलेले असतात. बरेच लोक सभेच्या दिवशी येऊन नवा विषय काढतात. तो "ऐनवेळचे विषय" या सदरात जातो आणि तिथे अध्यक्षांच्या परवानगीवर सगळं अवलंबून राहतं. नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या की पूर पंचनामा यादीचे वाचन व हरकती हा विषय घ्यावा. पोच घ्या. त्याच अर्जात लिहा की तलाठी व कृषी सहायकांना सभेचे लेखी निमंत्रण द्यावे. निमंत्रण देऊनही ते आले नाहीत, तर ते गैरहजर होते असं इतिवृत्तात लिहायला लावा. ही एक ओळ पुढे तहसीलदारांसमोर फार कामाला येते.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती सोडू नका. पुराचं नुकसान म्हणजे धान्याचा डबा, शिलाई मशीन, अंथरूण-पांघरूण, चूल, कोंबड्या. यातलं बरंचसं बायकांच्या हातचं आणि बायकांनाच ठाऊक असलेलं. मोठ्या सभेत त्या मागे बसतात आणि बोलायला गेल्या की पुढचे गडी त्यांना थांबवतात. महिला सभेत तेच सविस्तर निघतं आणि लिहिलं जातं.

ठरावाची भाषा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यावर जरा थांबतो. माझ्यासमोर आलेले बहुतेक ठराव असे असत: "पूरग्रस्तांना न्याय मिळावा व सर्वांना त्वरित मदत मिळावी असे सर्वानुमते ठरले." या ठरावावर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही सांगितलेलंच नाही. तो फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. आता हा बघा: "सोबत जोडलेल्या यादीतील 41 कुटुंबांच्या घरांत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणी होते. त्यांपैकी 26 घरांचा पंचनामा झालेला नाही व 15 घरांच्या पंचनाम्यात पाण्याचे दिवस कमी नोंदले आहेत. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व शाखा अभियंता यांनी सात दिवसांत फेरपंचनामा करावा व त्याचा अहवाल पुढील ग्रामसभेत वाचावा. ठरावाची प्रत तहसीलदार, गटविकास अधिकारी व प्रांताधिकारी यांना तीन दिवसांत पाठवावी." त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. या ठरावाला उत्तर द्यावंच लागतं, कारण उत्तर दिलं नाही तर कोणी दिलं नाही हे उघड दिसतं. सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून घ्या. नंतर लिहितो म्हणतात, तर त्यांना सांगा की आम्ही थांबतो.

गावाच्या ठरावाबरोबर तुमचा स्वतःचा अर्ज वेगळा हवा. तहसीलदारांच्या नावे, एकाच पानात. घर क्रमांक, पाणी कधी आलं आणि कधी ओसरलं, घरात किती माणसं, काय गेलं, पंचनामा झाला की नाही, मागणी काय. सोबत शिधापत्रिका, आधार, पासबुकाची प्रत, फोटो आणि दोन शेजाऱ्यांचं लेखी म्हणणं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तुमच्या गल्लीच्या पंचनाम्याची आणि मंजूर यादीची प्रत मागा. तीस दिवसांत ती द्यावी लागते, आणि पुष्कळदा अर्ज आल्यावरच लोक फाइल उघडून चूक दुरुस्त करतात. तिथेही नाही झालं तर प्रांत, आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. सामूहिक गाऱ्हाणं तिथे नेऊ नका, एका माणसाची एक तक्रार न्या. कागदपत्रं क्रमाने लावलेली असली की जिल्हाधिकारी दोन मिनिटांत तहसीलदारांना विचारतात.

गायरानात किंवा अतिक्रमणात राहणाऱ्यांचं मात्र अवघड आहे, आणि ते मी गोड शब्दांत सांगणार नाही. पडलेल्या घराची मदत अधिकृत बांधकामालाच, असं निकषात लिहिलंय. माझ्या पाहण्यात सर्वांत गरीब माणसं इथेच अडली. नमुना 8 ला नोंद असेल, घरपट्टीच्या पावत्या असतील तर त्या लावून अर्ज जरूर करा, आणि ग्रामसभेच्या ठरावात या घरांचा वेगळा उल्लेख करा. सरकारने त्या वर्षी अट शिथिल केली तर ज्यांची नोंद आधीपासून झालेली आहे त्यांचाच विचार होतो.

आता जे कुणी बोललंच नाही ते, म्हणजे गावच्या सोयी. मदतीचे पैसे एकदा येतात आणि संपतात. पण पुरानंतर महिनाभर गावात कावीळ, गॅस्ट्रो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती असते, ती कमी करणं ग्रामपंचायतीच्या हातात असतं. सभेत विचारा: टाकी शेवटची कधी धुतली? पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती शिल्लक आहे? पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट रोज होते का, आणि तिची वही कुठे आहे? ती वही सभेत मागवून बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला होता. तेव्हा त्यातून काय केलं हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गटारातला गाळ काढून रस्त्याच्या कडेलाच टाकला असेल तर पुढच्या सरीला तो परत गटारात जाईल. कुठे टाकायचा ती जागा सभेत ठरवून घ्या. महावितरणचे वाकलेले खांब असतील तर त्यांचे क्रमांक लिहून द्या, "आमच्या गल्लीतला खांब" असं नको.

शहरात ग्रामसभा नाही, पण एका नेमक्या मागणीला धरून बसलं की काय होतं ते चिपळूणने दाखवलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराने बाजारपेठ बुडाली. लोकांनी अनेक मागण्यांचा भारा न बांधता नदीतला गाळ काढा हे एकच धरलं. डिसेंबरमध्ये बचाव समितीने साखळी उपोषण केलं आणि गाळ काढण्याचं काम सुरू करून घेतलं.

पुनर्वसनाचा विषय तुमच्याकडेही कुणी ना कुणी काढेलच. गाव उठवून वर न्यायचं म्हणतील आणि सभेत हात वर करायला सांगतील. घाई करू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घराचा आकार शेतजमिनीवरून ठरला: 250, 450 आणि 750 चौरस फूट. घरं पक्की झाली, पण वैरण कुठे ठेवायची, गोठा कुठे बांधायचा, शेत किती लांब पडेल, हे प्रश्न लोकांना राहायला गेल्यावर कळले. त्याच कार्यक्रमात घरदुरुस्तीसाठी मात्र गावोगाव संवाद सहायक नेमल्या होत्या. गावातल्याच बायका, ज्या घरोघरी जाऊन काय हवं ते विचारायच्या आणि अभियंत्यांना सांगायच्या. तुमच्याकडे जागा दाखवली तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नवी जागा लाल रेषेच्या बाहेर आहे का हे पाहिल्याशिवाय, आणि जनावरांची, पाण्याची, शेताच्या वाटेची सोय लेखी मिळाल्याशिवाय ठरावाला अनुमोदन देऊ नका.

1 मेच्या सभेबद्दलही सांगायचंय. ती पावसाळ्याच्या बरोबर महिनाभर आधी येते, आणि तिला सर्वांत कमी माणसं असतात, कारण ऊन असतं आणि लग्नसराई असते. त्या दिवशी गावची बोट दारात ओढून आणायला लावा. ती पाण्यात घालून पाहिली का, इंजिन चालतं का, माणसं किती बसवायची, लाइफ जॅकेट किती आहेत, चालवणार कोण? 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढतानाच बोट उलटली आणि माणसं गेली. त्या दिवसानंतर माझ्या मंडळातल्या प्रत्येक गावात मी हा प्रश्न मे महिन्यात विचारत आलो. त्याच सभेत गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि डायलिसिसला जाणारे यांची यादी करा, आणि कोणाला कोण बाहेर काढणार ते नावासकट लिहा. जनावरं कुठे न्यायची तेही. जनावरांची सोय नसली की गडी माणूस घर सोडत नाही.

ताई, तुमच्यापुरतं आजचं काम लहान आहे. उद्या सकाळी तलाठ्यांना भेटून मघाचा तो एक प्रश्न विचारा, नाव नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलंय. शेजारच्या दोघींना घेऊन जा, त्यांचंही तेच असणार. गल्लीतली सगळी सुटलेली घरं एकाच वहीत उतरवून काढा. आणि तुमच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर चुना मारायच्या आधी तिच्याशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो घ्या, दुसरा दरवाजा आणि घर क्रमांक दिसेल असा, आणि दोन्ही अर्जाला लावा.